दिवाळीला १३, १५ आणि १७ वर्षांच्या भाचरांना काय न्यावे?

प्रश्न – हैदराबादचा मामा

नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेली अकरा वर्षे हैदराबादला राहतो आणि दरवर्षी भाऊबीजेला नाशिकला थोरल्या बहिणीकडे जातो. बहिणीला ओवाळणी काय घालावी हा प्रश्न मला कधी पडला नाही, परंतु तिच्या तिन्ही मुलांसाठी काय न्यावे, हे गेल्या दोन वर्षांपासून मला सुचेनासे झाले आहे. ती लहान होती तोवर एखादे खेळणे आणि फुलबाज्यांचा पुडा नेला की घर आनंदाने भरून जाई. गेल्या दिवाळीत मी धाकट्यासाठी रिमोटवर चालणारी मोटार नेली. त्याने ती हसून घेतली, वाकून नमस्कार केला, आणि उन्हाळ्यात मी पुन्हा गेलो तेव्हा ती खोक्यातून बाहेरही न काढता कपाटावर ठेवलेली दिसली. बारा वर्षांच्या मुलाला मी अजून आठ वर्षांचा समजत होतो आणि हे त्याच्याही लक्षात आले असणार, या विचाराने मला फार वाईट वाटले.

धाकटा आता १३ वर्षांचा आहे आणि शाळेतल्या एका शिक्षकांमुळे त्याला पक्ष्यांचा नाद लागला आहे. भाची १५ वर्षांची, दहावीत आहे. ती उत्तम चित्रे काढते आणि गेल्या वर्षी चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा उत्तीर्ण झाली. थोरला भाचा १७ वर्षांचा, बारावीत आहे. त्याच्याविषयी मला एवढेच ठाऊक आहे की त्याला स्कूटर हवी आहे आणि तिच्या किमतीत मी थोडी भर घालावी, असे त्याने आईकडून सुचवले आहे. तिघांसाठी मिळून मी सुमारे १०,००० रुपये बाजूला ठेवले आहेत. तिघांना सारख्याच किमतीच्या वस्तू द्याव्यात का, हेही मला ठरवता येत नाही. कृपया अनुभवाने सांगावे.

उत्तर – गोदाकाठ

मी नाशिकचाच आहे आणि वीस वर्षांपासून पक्षी पाहतो, त्यामुळे धाकट्याविषयी मोकळेपणाने लिहितो. त्याला दुर्बीण द्या. याहून चांगली वेळ मिळणार नाही, कारण दिवाळीनंतर आमच्याकडे हिवाळी पाहुण्यांचा हंगाम भरात येतो. शहरापासून साधारण चाळीस किलोमीटरवर, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी नांदूरमध्यमेश्वर पक्षी अभयारण्य आहे. २०२० साली महाराष्ट्रातील पहिले रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे, पाणथळ स्थळ म्हणून जाहीर झालेली ही जागा त्याच्या शिक्षकांना नक्कीच माहीत असेल. चापडगावच्या बाजूला निरीक्षण मनोरे आहेत. तिथून चक्रवाक, चमचा, जांभळी पाणकोंबडी दिसतात, परंतु नुसत्या डोळ्यांनी त्यातले बरेचसे पाण्यावरचे ठिपकेच राहतात.

दुर्बीण घेताना एक चूक बहुतेक सगळे करतात, ती म्हणजे जास्तीत जास्त मोठे करून दाखवणारी दुर्बीण निवडण्याची. दुर्बिणीवर ८×४२ असे आकडे असतात. पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी कळते. ८×४२ मध्ये ती सव्वापाच मिलिमीटर येते आणि म्हणूनच पहाटेच्या अंधुक उजेडातही पक्ष्याचे रंग ओळखू येतात. पट जितकी अधिक, तितका हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो आणि दृश्याचा घेर आक्रसतो, त्यामुळे तेरा वर्षांच्या मुलाला उडता पक्षी सापडतच नाही. ‘दहा ते सत्तर पट झूम’ असे छापलेल्या स्वस्त दुर्बिणी कृपया घेऊ नका. त्यांतून चित्र धूसर दिसते, डोके दुखते आणि मूल स्वतःलाच दोष देते. भाच्याला चष्मा असेल तर डोळ्यापासून पंधरा मिलिमीटर किंवा अधिक अंतरावरूनही पूर्ण दृश्य दिसते का, हे दुकानात विचारून घ्या आणि शक्य तर चष्म्यासकट पाहून घ्या.

माझ्या अनुभवात वर्षानुवर्षे टिकणारी साधी ८×४२ दुर्बीण पाच-सहा हजारांच्या आसपास येते. तेवढा खर्च एकट्याने झेपत नसेल तर आजोबा, आत्या, काका यांची वर्गणी काढा. चार जणांच्या चार किरकोळ वस्तूंपेक्षा अशी एक वस्तू त्याच्या वयाच्या मुलाला कितीतरी अधिक दिवस पुरेल. सोबत एक शंभर पानी, कडक पुठ्ठ्याची वही द्या. तारीख, ठिकाण, पक्षी आणि संख्या लिहिण्याची सवय याच वयात लागते.

उत्तर – रेखाकला

मी माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवते. इंटरमिजिएट झालेल्या मुलीला लोक हमखास साठ-सत्तर रंगांचा चकचकीत डबा भेट देतात. त्यात खडू, स्केचपेन, मेणाचे रंग, पट्टी, शार्पनर असे सगळे असते, मात्र चित्रकाराच्या उपयोगाचे फारसे काही नसते. तिच्याकडे ज्याची उणीव असण्याची शक्यता सर्वाधिक आहे तो म्हणजे चांगला कागद. साध्या ड्रॉइंग-पेपरवर पाणी पडले की तो फुगतो, सुरकुततो, रंग खड्ड्यांत साचतात, आणि मुलींना वाटते की आपला हातच वाईट आहे. जलरंगासाठी प्रति चौरस मीटर ३०० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. तो महाग असतो, म्हणूनच पालक घेत नाहीत आणि म्हणूनच तो मामाने द्यावा.

रंग ट्यूबमधले घ्या आणि ते विद्यार्थी प्रतीचे नव्हे, तर कलाकार प्रतीचे घ्या; सहा-सातच पुरतात. दोन पिवळे, दोन लाल, दोन निळे, प्रत्येकी एक उष्ण छटेचा आणि एक शीत छटेचा, आणि सातवा बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की जो राखाडी रंग मिळतो, त्यात आपल्या घाटाच्या दगडी पायऱ्या अगदी हुबेहूब उतरतात. काळ्या रंगाची गरजच पडत नाही. गोल टोकाचे ८ आणि १२ क्रमांकाचे दोन ब्रश पुरेत. नाशिकला राहणाऱ्या मुलीला विषय शोधायला लांब जावे लागत नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने याच गावात बसून जलरंगात निसर्गचित्रे रंगवली.

आता एक कळकळीची विनंती. दहावीचे वर्ष आहे म्हणून ‘परीक्षेनंतर उघड’ असे सांगून ही भेट देऊ नका. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, म्हणजे तिला चार महिने बंद खोक्याकडे पाहत बसावे लागेल. माझ्या वर्गातल्या ज्या मुलींची चित्रकला दहावीत सक्तीने थांबवली गेली, त्यांतल्या कितीतरी जणींचा हात पुन्हा कागदावर आलाच नाही. दिवसातला अर्धा तास कागदावर घालवल्याने कोणाचे गणित बुडत नाही. तुमचा शब्द बहिणीच्या घरी चालत असेल तर तो इथे खर्च करा.

उत्तर – दोन मुलांची आई

सारख्या किमतीविषयी थोडे वेगळे मत मांडते. पंधरा-सतरा वर्षांच्या मुलांना प्रत्येक वस्तूची किंमत फोनवर अर्ध्या मिनिटात कळते आणि भावंडे ती एकमेकांना सांगतात. दुर्बीण सहा हजारांची आणि थोरल्याच्या हाती पाचशेचा सदरा, असे झाले तर थोरला तोंडाने काही बोलणार नाही, तरीही ते त्याला लागेल. आमच्या घरी हे घडले आहे आणि त्याची सल तीन वर्षांनी भांडणात बाहेर पडली. किमती समान नसल्या तरी चालेल, मात्र तिघांचाही विचार तेवढ्याच बारकाईने केला आहे, हे दिसले पाहिजे. फार फरक पडणार असेल तर तिघांना एकत्र बसवून आधीच सांगावे की यंदा धाकट्याची मोठी वस्तू आहे आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याची असेल.

उत्तर – अभियांत्रिकी, दुसरे वर्ष

मी १९ वर्षांचा आहे, त्यामुळे बारावीची दिवाळी मला स्पष्ट आठवते. थोरल्याविषयी कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. त्या वर्षी घरी आलेल्या प्रत्येकाने मला एकच प्रश्न विचारला: ‘अभ्यास कसा चाललाय?’ आणि भेटी आल्या त्याही त्याच चालीच्या, म्हणजे पेनांचा संच, टेबलावरचे घड्याळ, यशस्वी माणसांची चरित्रे. देणाऱ्यांच्या मनात माया होती हे आज कळते, परंतु त्या वेळी मला वाटे की माझी टक्केवारी सोडून माझ्यात कोणाला काही दिसतच नाही. माझ्या मावशीने मात्र पाकिटात १,५०० रुपये आणि एक चिठ्ठी दिली होती. चिठ्ठीत लिहिले होते की हे पैसे अभ्यासाच्या कोणत्याही वस्तूवर खर्च करायचे नाहीत आणि कशावर केले हे मला सांगायचेही नाही. मी फुटबॉलचे बूट घेतले. ती चिठ्ठी माझ्याजवळ अजून आहे.

रोख पैसे म्हणजे आळस, असे मोठ्यांना वाटते. सतरा वर्षांच्या मुलाला तसे वाटत नाही, फक्त त्या पैशांवर नंतर हिशेब मागू नये. आणि कपडे देणारच असाल तर पावती सोबत द्या. मापही बदलते आणि आवडही.

उत्तर – परिवहन

स्कूटरपुरते लिहितो. मोटार वाहन कायद्यानुसार सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीसाठी, आणि आज बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. म्हणजे व्यवहारात १८ पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. तुमची बहीण संकोचाने नाही म्हणू शकत नसेल, तर तुम्ही प्रेमाने म्हणा. अठराव्या वाढदिवसाला आयएसआय चिन्हाचे, त्याच्या डोक्याच्या मापाचे हेल्मेट मी देईन, असा शब्द त्याला आज देता येईल.

पुन्हा – हैदराबादचा मामा

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून काल मी तिघांना वेगवेगळे फोन केले, जे मी आजवर कधीच केले नव्हते. दरवेळी बहिणीशी बोलून झाल्यावर तिघांना एकेक मिनिट देत असे. धाकट्याने सांगितले की रविवारी नांदूरला अकरा मुले जातात आणि सरांची एकच दुर्बीण सगळ्यांत फिरते, त्यामुळे त्याची पाळी येईपर्यंत पक्षी उडून गेलेला असतो. त्याला मी काहीच कळू दिले नाही. भाचीला मात्र कागदाचे नाव विचारले, तर तिने कंपनी, आकार आणि पोत यांसह ते एका दमात सांगितले. थोरला आधी स्कूटरवरच बोलला. मी कायद्याचे सांगितले तेव्हा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग विसाव्या मिनिटाला म्हणाला की परीक्षा संपल्यावर मला दोन आठवडे तुमच्याकडे राहायला येऊ द्याल का, घरात सगळे फक्त निकालाविषयी बोलतात. त्याचे एप्रिलचे रेल्वेचे तिकीट मी काढणार आहे आणि पाकीटही देणार आहे, हिशेब न मागता. आजोबांनी दुर्बिणीसाठी दोन हजार द्यायचे कबूल केले आहे, त्यामुळे बाकीच्या दोघांच्या वाट्याला हात आखडता घ्यावा लागणार नाही.

आता ‘गोदाकाठ’ यांना एवढेच विचारायचे आहे की नाशिकमध्ये दुर्बीण हातात घेऊन, डोळ्याला लावून पाहू देतील असे दुकान कोणत्या भागात सापडेल? भाच्याला चष्मा आहे, त्यामुळे ती न पाहता मागवण्याची माझी इच्छा नाही, आणि भाऊबीजेला अजून सोळा दिवस आहेत.