मदत हवी आहे: एफजीएफ-४ मध्ये ऑक्ट-४ ची जागा सापडत नाही

अडाणकाठ: यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला मूलपेशी शिकवतो. पेशी वाढवायची सोय नाही, म्हणून कॉम्प्युटरवरच दाखवायचंय. ऑक्ट-४ हे मूलपेशीतलं, जनुकं चालू-बंद करणारं प्रथिन. उंदराच्या एफजीएफ-४ जनुकाआधीची डीएनएची २,००० अक्षरं उतरवून त्यात ऑक्ट-४ जिथे बसतं ती अक्षरं, ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी, शोधली. काहीच नाही. शिवाय पोरं विचारतात, ऑक्ट-४ तोच असताना पेशी कधी मूलपेशीच राहते, कधी एंडोडर्मकडे (गर्भातल्या एका थराकडे) वळते, ते कसं?

पऱ्हाटी: सर, जागाच वेगळी आहे. ऑक्ट-४ बसतं तो एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) जनुकाच्या आधी नाही, तिसऱ्या एक्झॉनच्या (जनुकाचा आरएनएत टिकणारा तुकडा) शेवटी, प्रथिनात न उतरणाऱ्या भागात आहे. अख्खं जनुक उतरवा. तिथे ऑक्टची अक्षरंही जराशी निराळी: सी-टी-टी-टी-जी-टी-टी (ही ऑक्टच्या जोडीदार प्रथिनाची, सॉक्सची जागा), मधे टी-जी-जी, मग ए-टी-जी-सी-टी-ए-ए-टी. उलट्या धाग्यासाठी ए-टी-टी-ए-जी-सी-ए-टी शोधा. आणि नुसत्या आठ अक्षरांवर विसंबू नका. उंदराच्या सुमारे २७० कोटी अक्षरांत, दोन्ही धागे धरून, अशी आठ अक्षरं निव्वळ योगायोगानेच ८० हजारांच्या आसपास जुळतील. सॉक्सची जागा शेजारी हवीच.

धुऱ्यावरून: पोरांच्या प्रश्नाचं उत्तर त्या 'शेजारी'तच आहे. कागदाच्या दोन पट्ट्या करा. पहिलीवर १५ अक्षरं: सी-ए-टी-टी-जी-टी-टी-ए-टी-जी-सी-ए-ए-ए-टी. इथे ऑक्ट-४ सोबत सॉक्स-२ बसतो, मूलपेशीपण टिकतं. दुसरीवर मधला एक टी काढा, १४ उरतात. इथे ऑक्ट-४ ची जोडी सॉक्स-१७ शी जमते, प्रिमिटिव्ह एंडोडर्मची जनुकं चालू होतात. एक अक्षर गेलं की सॉक्सची बाजू ३.४ अँगस्ट्रॉम जवळ येते आणि सुमारे ३५ अंशांनी फिरते, म्हणून पट्टी पिळूनच दाखवा. सपाट पट्टीवर हे कळतच नाही. बैलजोडी म्हणून सांगणार असाल तर डीएनए हे जू धरा: जू आखूड झालं की जुना जोडीदार बसत नाही.

अडाणकाठ: सापडलं, तिसऱ्या एक्झॉनमध्येच! मग ऑक्ट-४ वाढवलं तर मूलपेशी आणखी पक्की होईल का?

धुऱ्यावरून: नाही. २००० साली संशोधक निवा आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की दुपटीपेक्षा कमी वाढीनेही पेशी प्रिमिटिव्ह एंडोडर्म आणि मेसोडर्मकडे जाते, कमी केलं तर ट्रोफेक्टोडर्मकडे (वार बनवणाऱ्या बाहेरच्या थराकडे). जोडीदाराचा हिशेब किती बारीक असतो तेही सांगा: सॉक्स-१७ च्या डीएनएला धरणाऱ्या एचएमजी भागात ५७ व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी लायसिन टाकलं की तो १५ अक्षरांवर ऑक्ट-४ शी जुळतो, आणि सॉक्स-२ च्या जागी वापरून उंदराच्या फायब्रोब्लास्टची (संयोजी ऊतीतल्या साध्या पेशीची) मूलपेशी करता येते.