मदत हवी आहे : जुनी आलिशान सेडान देणगी द्यायची आहे (न्यू जर्सी)

नमस्कार.

आमच्याकडे २०१२ सालची, जर्मन बनावटीची मोठी सेडान आहे. यजमान निवृत्त झाल्यापासून आम्हाला दोन गाड्यांची गरज उरलेली नाही, म्हणून ही गाडी एखाद्या सेवाभावी संस्थेला द्यावी असे आम्ही दोघांनी ठरवले. ते ठरायला एक संध्याकाळ पुरली, पण ती कशी द्यावी यावर दीड महिना झाला तरी आमचे एकमत होत नाही. या वाटेने आधी गेलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गाडी १,३२,००० मैल चालली आहे. इंजिन आणि गिअर ठणठणीत आहेत, आतले चामडेही चांगले आहे. दोष आहे तो एअर सस्पेन्शनमध्ये, म्हणजे गाडी हवेच्या दाबावर तोलून धरणाऱ्या यंत्रणेत. सकाळी गॅरेजचे दार उघडावे तर गाडीचा पुढचा उजवा कोपरा चाकावर टेकल्यासारखा खाली बसलेला असतो. इंजिन सुरू केले की हवा भरणारा कंप्रेसर घरघरतो आणि मिनिटाभरात तो कोपरा हळूहळू वर येतो. पुढचे दोन्ही स्ट्रट (चाकाजवळचे हवेचे आधार) आणि कंप्रेसर बदलण्याचा खर्च आमच्या मेकॅनिकने अडीच हजार डॉलर सांगितला आहे.

आमची मनापासून इच्छा अशी, की ज्याला गाडीवाचून नोकरी धरता येत नाही अशा माणसाच्या हाती ती जावी. १९९८ मध्ये आम्ही या देशात आलो तेव्हा पहिली गाडी घेईपर्यंतचे चार महिने यजमान बर्फातून पाऊण तास चालत स्टेशन गाठत असत. ते दिवस आम्ही विसरलेलो नाही. परंतु हीच गाडी तशा कुटुंबाला दिली तर महागडे पेट्रोल, रुंद टायर आणि हे सस्पेन्शन त्यांना झेपेल का? नचिकेताच्या वडिलांनी दूध आटलेल्या गाई दान दिल्या, तसे तर आपण करत नाही ना, ही शंका माझ्या मनातून जात नाही.

दुसरीकडे, बहुतेक संस्था गाडी स्वतः ठेवत नाहीत, एखाद्या मध्यस्थ कंपनीकडून ती उचलून नेऊन लिलावात विकतात. २००५ पासूनच्या नियमानुसार, करपात्र उत्पन्नातून पाचशे डॉलरपेक्षा अधिक वजावट मागायची असेल आणि संस्थेने गाडी तशीच विकली असेल, तर विक्रीतून जे आले तेवढीच वजावट मिळते. बाजारभाव काय होता याला अर्थ राहत नाही. संस्थेने गाडी आपल्या कामासाठी खरोखर वापरली, तिच्यात मोठी सुधारणा केली किंवा गरजू व्यक्तीला मोफत वा अगदी कमी किमतीत दिली, तरच बाजारभाव धरता येतो, आणि तो पाच हजारांच्या वर असेल तर लेखी मूल्यांकन लागते. इतके मला समजले आहे. वजावट हा आमचा मुख्य हेतू नाही. गाडीचे जे काही मोल आहे ते वाटेत न गळता कामी लागावे एवढेच पाहायचे आहे.

तेव्हा दुरुस्ती करून द्यावी की आहे तशीच द्यावी? आणि टायटल (गाडीच्या मालकीचा कागद), नंबरप्लेट, विमा यांचा क्रम कसा ठेवावा?

प्रतिसाद :

नमस्कार ताई. आपली शंका रास्त आहे आणि ती आपण संस्थेला थेट विचारावी, असे मला वाटते. गाडी विकणार की कुटुंबाला देणार, आणि विकणार असल्यास मध्यस्थाचा वाटा किती, हे दोन प्रश्न ईमेलने विचारा. स्पष्ट उत्तर आले नाही तर दुसरी संस्था पाहा. संस्था करमुक्त आहे की नाही, हे आयआरएसच्या (अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याच्या) संकेतस्थळावर नाव घालून तपासता येते.

दुरुस्ती करून देऊ नका. तो खर्च देणगी म्हणून धरला जात नाही आणि लिलावात तेवढी किंमत वाढून येईल याची खात्री नसते. त्यापेक्षा सस्पेन्शनचा दोष लपवून न ठेवता गाडी स्वतः विकावी आणि येईल त्या रकमेचा धनादेश, कुटुंबांना साध्या, टिकाऊ गाड्या देणाऱ्या संस्थेला द्यावा. मध्यस्थाचा वाटा वाचतो, आणि आपण घेतल्यापेक्षा कमी किमतीला विकत असल्याने विक्रीवर करही लागत नाही. शिवाय २०२६ च्या करवर्षापासून स्टँडर्ड डिडक्शन (खर्चांचा तपशील न देता मिळणारी ठरावीक वजावट) घेणाऱ्या जोडप्यालाही २,००० डॉलरपर्यंतच्या रोख देणगीची वजावट मिळते. गाडीच्या देणगीला ती सवलत नाही.

तरीही गाडीच द्यायची ठरली, तर टायटलवर संस्थेचे नाव स्वतः लिहा. ती जागा कोरी ठेवून टायटल कोणाच्याही हाती देऊ नका. विक्रीनंतर तीस दिवसांत संस्थेने फॉर्म १०९८-सी (गाडीच्या देणगीचे प्रमाणपत्र) द्यायला हवा. तो आयकर विवरणपत्राला जोडावा लागतो. नंबरप्लेट गाडीबरोबर जाऊ देऊ नका. त्या काढून राज्याच्या मोटर व्हेइकल कमिशनकडे जमा करा, पावती घ्या आणि त्यानंतरच विमा बंद करा. काचेवरचा ईझी-पास (टोल भरण्याचे उपकरण) काढा, आणि आरशात गॅरेजच्या दाराचा कोड साठवलेला असेल तर तोही पुसा.

धागाकर्ती :

मनःपूर्वक आभार. आरशातल्या कोडचा विचार आम्हा दोघांच्याही मनात आला नव्हता. आपला प्रतिसाद यजमानांना वाचून दाखवला. गाडी विकून धनादेश द्यायचा, हे त्यांनाही पटले. तरी आमच्या गावाजवळची एक संस्था नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना गाड्या देते, तिला उद्या सस्पेन्शनच्या दोषासकट सगळे लिहून विचारते. त्यांचा स्वतःचा मेकॅनिक असेल आणि त्याने गाडी पाहून होकार दिला, तर गाडीच देऊ. नाही तर शनिवारी विक्रीची जाहिरात लावू. काय झाले ते इथेच कळवते.