शेल्टरमधला नऊ वर्षांचा कुत्रा घ्यावा का?

नवखा: फ्लॅट आहे, दोघंही नोकरीला. पिल्लू आणावं की शेल्टरमधला हा नऊ वर्षांचा देशी?

शेपूटवाला: हाच आणा. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, चपला कुरतडतं ते वेगळंच. याचं वजन आणि स्वभाव आजच कळतो. एकटा राहतो का, हे मात्र शेल्टरवाल्यांना विचारा.

गोचीडशत्रू: आधी रक्ताच्या तपासण्या करून घ्या: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), एसजीपीटी (यकृतासाठी) आणि गोचीडतापाची. तोंडाला वास येत असेल तर दातांवर किटण असणार. सांधे दुखत असतील तर गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, रबरी मॅट टाका. आपली आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अजिबात देऊ नका!

नवखा: आणि जेवण?

शेपूटवाला: आठवडाभरात हळूहळू बदला. सुरुवातीला पाव भागच नवं, एकदम बदललं की जुलाब.