हौसेचा गळ की शेजाऱ्याचा वाटा? मासळी आटू लागली की आधी कुणी थांबायचं

खारा वारा (धागाकर्ता)

मला गरवायला जायला मनापासून आवडतं. दांडी धरून तासन्‌तास बसणं, दोरीला झटका बसला की छातीत होणारी धडधड, हे सुख मी कुणाला नाकारत नाही. तरीही माझं मत ठाम आहे. मासळी कमी होऊ लागली की हौशी मासेमारी आधी आवरावी. किनाऱ्यावरची माणसं स्वतः खाण्यासाठी आणि एकमेकांत वाटण्यासाठी जे पकडतात, त्याला सगळ्यात शेवटी हात लावावा. बहुतेक ठिकाणचे नियम या दोन्हींना एकाच मापानं मोजतात, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

घट खरी आहे का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. एफएओच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या, पाहणीनुसार १९७४ मध्ये जगातले ९० टक्के सागरी मत्स्यसाठे झीज भरून निघेल अशा पातळीत होते. २०२१ मध्ये हे प्रमाण ६२.३ टक्क्यांवर आलं.

हौशी माणसाला ही घट जाणवत नाही, याची मला जास्त काळजी वाटते. फ्लोरिडातल्या की वेस्ट बंदरात हौशी लोकांना बोटीनं खोल पाण्यात नेण्याचा व्यवसाय जुना आहे. परतल्यावर दिवसभरातले सगळ्यात मोठे मासे फळीवर टांगून फोटो काढायची तिथली रीत. लोरेन मॅक्लेनाकन या संशोधिकेनं १९५६ ते २००७ या काळातले असे फोटो गोळा करून माशांची लांबी मोजली. सुरुवातीला टांगलेल्या माशाचं सरासरी वजन २० किलोच्या जवळ होतं, शेवटी ते २.३ किलोवर आलं. आणि फोटोतली माणसं? तितकीच खुशीत. वीतभर माशातही ज्याचा आनंद पुरा होतो, त्याच्याकडून समुद्र संपत आल्याची बातमी कधीच मिळणार नाही. ज्याच्या घरात मासा शिजायचा असतो, त्याला मात्र ती पहिल्याच वर्षी कळते.

आता मर्यादेबद्दल. नियम सहसा माणशी असतो: दिवसाला एका माणसानं इतकेच मासे न्यायचे. कागदावर हा समान वाटतो. पण मासेमारीवर जगणाऱ्या वस्तीत प्रत्येक जण मासे पकडत नाही. अलास्कातल्या वस्त्यांच्या अभ्यासात रॉबर्ट वुल्फ यांना दिसलं की साधारण ३० टक्के घरं मिळून गावाचं ७० टक्के रानचं आणि पाण्यातलं अन्न आणतात. बाकीच्या घरांत म्हातारी माणसं असतात, आजारी असतात, लेकुरवाळ्या बाया असतात. त्यांच्याकडे वाटा पोचतो. माणशी मर्यादा लावली की हा वाटा आणणारा माणूस गुन्हेगार ठरतो. आणि बर्फाची पेटी घेऊन दोन दिवसांसाठी आलेला पाहुणा आपली मर्यादा पूर्ण करून निर्धास्त परततो.

यावर उपाय नाहीत असं नाही. अलास्कात ६५ वर्षांवरच्या किंवा अंध, अपंग माणसासाठी दुसऱ्या रहिवाशाला त्याच्या नावानं मासे पकडता येतात. तिथं १९८० च्या केंद्रीय कायद्यानं, टंचाई आली तर सरकारी अखत्यारीतल्या जमिनी आणि पाण्यात ग्रामीण रहिवाशांच्या पोटाला पहिला मान दिला. नॉर्वेनं २००६ मध्ये परदेशी पाहुण्यांनी देशाबाहेर न्यायच्या मासळीवर माणशी १५ किलोची मर्यादा घातली. पुढे तो आकडा बदलत गेला, पण तत्त्व कायम राहिलं. हे सगळीकडे का होऊ नये?

निळी दांडी

पूर्ण असहमत. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याचा हा प्रकार आहे.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचा कॉड मासा कुणी संपवला? १९६८ मध्ये तिथं सुमारे ८ लाख टन कॉड काढला गेला, आणि तो काढला महाकाय ट्रॉलरांनी. पकडायचं, कापायचं, गोठवायचं, सगळं जहाजावरच. २ जुलै १९९२ ला मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे ३० हजार लोकांची रोजी एका फटक्यात गेली. त्या सबंध कहाणीत गळ आणि दांडी कुठे होती?

जगभरच्या सागरी हौशी पकडीचा अंदाज २०१४ साठी वर्षाला ९ लाख टनांच्या आसपास निघाला आहे, म्हणजे एकूण सागरी पकडीच्या १ टक्क्याहून थोडा कमी. एवढ्याशा हिश्श्यासाठी आम्हाला रांगेत शेवटी उभं करायचं?

शिवाय आमच्यातले बरेच जण मासा परत सोडतात. मी गेली कित्येक वर्षं एकही मासा घरी नेलेला नाही. अमेरिकेत १९५० च्या कायद्यानुसार गळ-दांड्यांवर बसवलेल्या कराचा पैसा मत्स्यसंवर्धनासाठी राज्यांकडे जातो. पाण्यावर प्रेम करणारा, त्यासाठी पैसे भरणारा वर्ग तुम्ही दूर लोटताय. उद्या किनाऱ्यावर कारखान्याचं सांडपाणी सुटलं, तर आरडाओरडा करायला आम्हीच पुढे असतो.

गाभोळी

ट्रॉलरबद्दल निळी दांडी यांच्याशी सहमत. पण ते १ टक्का जगाची सरासरी आहे, आणि मासे सरासरीत पोहत नाहीत. खोल समुद्रातल्या कोट्यवधी टनांत हौशी पकड बुडून जाते. किनाऱ्यालगतच्या ठरावीक जातींवर मात्र तिचाच भार मोठा असतो.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा पट्टेदार बास पाहा. हा मासा एकदा संपत आला होता. तिथल्या मेरीलँड राज्यानं १९८५ ते १९९० मासेमारी पूर्ण बंद ठेवली आणि १९९५ मध्ये साठा सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ च्या मूल्यांकनात तो पुन्हा घसरल्याचं दिसलं, आणि या वेळी मुख्य भार हौशी मासेमारीचा होता. त्यात निळी दांडी यांनी नीट पाहावी अशी एक गोष्ट आहे. परत सोडलेल्या माशांपैकी ९ टक्के मरतात असं तिथं धरतात. ऐकायला कमी वाटतं. पण सोडलेल्यांची संख्या इतकी प्रचंड आहे की २०१७ मध्ये मासेमारीनं मेलेल्या एकूण बासपैकी जवळपास निम्मे हे 'सोडलेले' मासे होते. युरोपातल्या सी बासच्या बाबतीत हौशी वाटा साधारण चौथा हिस्सा मानला गेला. पश्चिम बाल्टिक समुद्रातल्या कॉडला २०१७ पासून हौशी लोकांवर दिवसाला पाचाची मर्यादा आली, २०२२ मध्ये ती एकावर आणली, आणि २०२४ पासून पूर्ण बंदी.

खोल पाण्यातला मासा झटकन वर ओढला की त्याचा वाताशय (पोटातली हवेची पिशवी) फुगतो, डोळे बाहेर येतात, पोट तोंडातून डोकावतं. तो वरच्या वर सोडला तर खाली जाऊच शकत नाही, तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या तोंडी पडतो. म्हणून मेक्सिकोच्या आखातात अमेरिकेनं २०२२ मध्ये मासा वजनानं परत खोल पोचवायचं साधन किंवा फुगलेली हवा काढायची पोकळ सुई बोटीवर तयार ठेवणं बंधनकारक केलं. 'सोडला' म्हणजे 'वाचला' नव्हे.

आणि खारा वारा, तुमच्याशीही मतभेद आहे. मासा भुकेसाठी मेला की फोटोसाठी, साठ्याला फरक पडत नाही. कुठला मासा मेला यानं पडतो. २०१८ च्या एका अभ्यासात दिसलं की ३० किलोची एक कॉड मादी दोन-दोन किलोच्या २८ माद्यांपेक्षा जास्त अंडी घालते. म्हणजे सगळ्या वस्तीला पुरेल म्हणून आणलेली एक मोठी, गाभोळीनं भरलेली मादी हीच सगळ्यात महाग पडते. नियम करायचा तर आकाराचा करा: फार लहान नको, फार मोठीही नको, मधलीच न्या. वाटणीला पहिला मान देऊन ती मादी वाचत नाही.

वल्हं

माझं घर मासेमारीवर चालतं, म्हणून लिहिते.

वाटा म्हणजे दान नाही, हे आधी समजून घ्या. बोट ओढायला आला त्याला वाटा, जाळं विणून दिलं त्याला वाटा, जिचा माणूस समुद्रात गेला तो परतलाच नाही तिच्याकडे वाटा. आज मी दिला तर उद्या माझी बोट रिकामी आली की माझ्या घरी येतो. आमचा विमा, आमची पेन्शन, सगळं त्यात आहे. एफएओच्याच अभ्यासानुसार जगातली सुमारे ४० टक्के पकड छोट्या मासेमारांची आहे. त्यातला बाजारात न जाता घरोघर गेलेला मासा किती, हे कुठल्या तक्त्यात दिसणार?

पण खारा वारा, तुम्ही हौशी माणसाच्या वाटणीलाही त्याच पंगतीत बसवणार असाल तर मला ते चालणार नाही. नोकरी असलेला माणूस सुट्टीत येतो, वीस-पंचवीस मासे काढतो आणि इमारतीत फुकट वाटतो. त्याला वाटतं, आपण किती चांगलं काम केलं. त्या दिवशी माझी टोपली तशीच घरी येते. त्या घरांतल्या बाया माझ्याकडून घेणाऱ्या होत्या. हौशी पकड विकायला बऱ्याच देशांत बंदी असते, ती आम्हाला वाचवण्यासाठीच. फुकट वाटण्यालाही आमच्यासाठी तोच अर्थ आहे.

गाभोळी यांचा मोठ्या मादीचा मुद्दा मला पटतो. आमच्यातल्या जुन्या माणसांनाही तो नवा नाही, विणीच्या दिवसांत होडी वर ओढून ठेवायचं कारण तेच.

हिशेबी

वाटणीच्या नावावर कुणीच मर्यादा नको म्हणतंय की काय, अशी मला शंका येते. स्वतःच्या पोटाला सीमा असते. शेजारी, भाऊबंद, मित्र, मित्रांचे शेजारी यांना नसते. 'वाटायचेत' म्हटलं की पन्नास माशांचंही समर्थन होतं, आणि फ्रीझर आल्यापासून तर जास्तच.

निळी दांडी यांनी न्यूफाउंडलंड काढलंच आहे, तर तिथला पुढचा भाग पाहा. व्यापारी कॉड बंद असतानाही लोकांना घरच्यापुरते मासे धरायला ठरावीक दिवस दिले जात. दिवसाला माणशी पाच, आणि बोटीत कितीही माणसं असली तरी जास्तीत जास्त पंधरा. कशासाठी नेताय, कुणाला देताय, कुणी विचारत नाही. मला हाच नियम प्रामाणिक वाटतो. हेतू तपासता येत नाही, मासे मोजता येतात.

खारा वारा

वल्हं, तुमचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. माझ्या मनात होती ती वस्तीतल्या परस्पर देवाणघेवाणीची वाटणी. शहरातल्या इमारतीत वाटलेल्या टोपलीला पहिला मान द्यावा असं मी म्हणत नाही, आणि नियमात ही सीमा लिहून काढायला हवी: जो त्या पाण्यावर राहतो, त्याच्या नावानं आणि त्याच्यासाठीच.

हिशेबी, बोटीची मर्यादा मला मान्य. पण जो चार घरांसाठी जातो, त्याच्या बोटीला चार घरांची मर्यादा द्या, नावं आधी नोंदवून. मोजणी तुमचीच राहील, फक्त मोजायचं एकक घर होईल. आणि पहिला हक्क कायद्यात बसत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९७४ मध्ये न्यायमूर्ती जॉर्ज बोल्ट यांनी जुन्या तहांच्या आधारे, धरता येण्याजोग्या सॅमनचा निम्मा हिस्सा तिथल्या आदिवासी जमातींचा ठरवला. हौशी मासेमारांच्या संघटनांनी कडाडून विरोध केला, तरी १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकालाचा गाभा कायम ठेवला.

निळी दांडी, आता तुमच्यासाठी साधं गणित. दोन मासे घेऊन घरी जाणारा माणूस दोन मासे मारतो. तीस पकडून तीसही सोडणारा, गाभोळी यांच्या ९ टक्क्यांनी, जवळपास तीन मारतो आणि हात रिकामे घेऊन परततो. ज्याला न्यायचंय तो पुरेसे झाले की थांबतो. सोडणाऱ्याला थांबायला कारणच नसतं. स्वित्झर्लंडमध्ये मुळात सोडायचाच हेतू ठेवून मासे पकडायला बंदी आहे, ती माशाला विनाकारण त्रास नको म्हणून. मला ती भूमिका पटते.

निळी दांडी

९ टक्के ही सरासरी आहे. पाणी थंड असेल, वर्तुळाकार गळ वापरला असेल, मासा पाण्याबाहेर न काढताच सोडवला असेल, तर मरणारे बरेच कमी. पाणी तापलेलं असेल तर जास्त, हे मान्य, आणि म्हणून कडक उन्हाळ्यात बंदी आणा, मी पाठिंबा देईन. दिवसाला किती मासे गळाला लावायचे यावरही मर्यादा आणा, हवं तर. पण 'न्यायचा नसेल तर पकडूच नको' असा नियम केलात, तर आज जे सोडतात ते उद्या नेऊ लागतील. जगात निदान २२ कोटी लोक हौसेनं मासे पकडतात. ते सगळे घरी न्यायला लागले तर वल्हं यांच्या टोपलीचं काय होईल, याचा विचार करा.

गाभोळी

गळाला किती लावायचे यावर मर्यादा, ही या धाग्यातली सगळ्यात कामाची सूचना वाटते. फक्त पाण्यात कोण मोजणार? नेलेले मासे धक्क्यावर दिसतात, सोडलेले कुणालाच दिसत नाहीत.

वल्हं

मोजायला आम्हाला घ्या. धक्क्यावर पहाटेपासून आम्हीच असतो. कोण किती वेळ पाण्यात होतं, काय घेऊन आलं, किती मेलेले मासे किनाऱ्याला लागले, सगळं आमच्या डोळ्यांसमोर घडतं. खारा वारा, तुमची घरांची यादी करायची तर तीही आमच्यातल्या बायांनी करावी, कारण कुठल्या घरात चूल थंड आहे ते त्यांना माहीत असतं. आणि मर्यादा ठरवायच्या बैठका दुपारनंतर ठेवा. सकाळी दहाला ठेवता तेव्हा आम्ही विक्रीला बसलेल्या असतो, आणि खोलीत हौशी लोकांच्या संघटनाच हजर असतात.