५०० अश्वशक्तीसाठी अडीच इंची पाइप पुरेसा आहे
५०० अश्वशक्तीच्या टर्बो गाडीला सरसकट तीन इंची इंटरकूलर पाइप (टर्बोने दाबलेली गरम हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमार्गे इंजिनाकडे नेणारा पाइप) बसवावा, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी सहमत नाही. अडीचऐवजी तीन इंच घेतल्यास छेदाचे क्षेत्रफळ, आणि तेवढ्याच लांबीत भरावी लागणारी हवाही, ४४ टक्क्यांनी वाढते; म्हणजे दाब तयार व्हायला जास्त वेळ लागतो. उलट १ बार बूस्टला (टर्बोने वातावरणाच्या दाबापेक्षा वाढवलेल्या दाबाला) अडीच इंची पाइपमधून हवा सेकंदाला साधारण ६० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी वेगाने जाते. दाब खरा घटतो तो तीव्र वळणांत आणि जोडांवर अचानक बदलणाऱ्या व्यासात. आमच्या परभणीकडे मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जातो, तेव्हा जास्तीचा पैसा पाइपऐवजी इंटरकूलरच्या मोठ्या कोअरवर (हवा प्रत्यक्ष थंड करणाऱ्या जाळीदार भागावर) घालावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.