टाशा की स्वोर्ड कोस्ट? एकाच टेबलावर दोन पुस्तकांचे दोन नियम, सल्ला हवा (नागपूर)

गच्चीवरचा_डीएम
मंडळी, जरा मदत करा. आम्ही पाच जण धरमपेठेत रविवारी संध्याकाळी डीएनडी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फाशांवरचा कथाखेळ) खेळतो, फिफ्थ एडिशन. डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, मीच. २०१४च्या प्लेअर्स हँडबुकवर सुरुवात केली तेव्हा सगळं सुरळीत होतं. मग एकाने स्वोर्ड कोस्ट अ‍ॅडव्हेंचरर्स गाईड आणलं, मी झॅनाथर घेतलं, एकाला पुण्याच्या भावाने टाशा दिलं. तिन्ही जादा नियमांची पुस्तकं. आता निम्मा वेळ पानं उलटण्यातच जाऊन राहिला.

सध्याचं भांडण: एका पोट्ट्याला माणूस ब्लेडसिंगर (तलवार चालवणारा जादूगार) करायचा आहे. स्वोर्ड कोस्टवाला म्हणतो, ब्लेडसिंगर फक्त एल्फ वंशाचा. टाशावाला म्हणतो, अशी काही अट नाही. दोघांच्याही हातात छापील पान! दुसरं हीलिंग स्पिरिट या जखमा भरणाऱ्या स्पेलचं (मंत्राचं). माझ्या झॅनाथरमध्ये एक लिहिलंय, मित्राच्या मोबाइलवर भलतंच.

तर दोन पुस्तकांत फरक असेल तेव्हा कोणतं धरायचं? आणि आणखी एकाच पुस्तकाचं बजेट आहे, काय घेऊ? २०२४वालं नवं हँडबुक घे म्हणून एक जण मागे लागला आहे.

फासेवाला_इतवारी
भाऊ, ही दोन पुस्तकं भांडत नाहीयेत, एक दुसऱ्याच्या जागी आलंय. स्वोर्ड कोस्ट २०१५चं, टाशा २०२०चं. टाशात ब्लेडसिंगर नव्याने लिहून छापला आणि एल्फची अट काढून टाकली. आणि तुमच्या स्वोर्ड कोस्टवाल्याला म्हणा, ते 'फक्त एल्फ'वालं शेवटपर्यंत वाच. डीएमला वाटलं तर ही अट उठवता येते, असं जुन्या पुस्तकातच लिहिलेलं आहे. म्हणजे जुनं धरलं तरी निर्णय तुझाच.

खरी मेख पुढे आहे. जुन्यात ब्लेडसाँग (ब्लेडसिंगरची खास शक्ती) दोनदा, आणि शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती) घेतली की परत दोनदा. नव्यात प्रोफिशिअन्सी बोनस (लेव्हलसोबत वाढणारा आकडा) असेल तितक्या वेळा, पण परत मिळतो तो लाँग रेस्टनंतरच, म्हणजे रात्रभराच्या विश्रांतीनंतर. चौथ्या लेव्हलपर्यंत तो बोनस दोनच असतो, म्हणजे सुरुवातीला नवा ब्लेडसिंगर उलट गरीब. त्याची भरपाई सहाव्या लेव्हलला होते: एक्स्ट्रा अटॅकमधला (एका पाळीत दोन वार) एक वार सोडून त्याजागी कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारा छोटा स्पेल) टाकता येते. पोट्टे काय करतात, ब्लेडसाँग जुना घेतात आणि एक्स्ट्रा अटॅक नवा. ते चालू देऊ नको. सबक्लास (क्लासचा उपप्रकार) घ्यायचा तर एका पुस्तकातून अख्खा घ्यायचा.

निळा_किमयागार
+१. ब्लेडसिंगर आहे म्हणजे बूमिंग ब्लेड (हत्याराच्या वारासोबतची कॅन्ट्रिप) येणारच, तेही आत्ताच पाहून घ्या. नाव तेच, पण स्वोर्ड कोस्टमध्ये रेंज पाच फूट होती, टाशात रेंज 'सेल्फ' झाली आणि हत्यार निदान एका चांदीच्या नाण्याच्या किमतीचं हवं अशी अट आली. वाचताना किरकोळ वाटतं. पण रेंज सेल्फ झाली की सॉर्सररचं ट्विन्ड स्पेल (एकच स्पेल दोघांवर टाकणं) त्यावर लागत नाही. आणि झॅनाथरमधल्या शॅडो ब्लेड या जादूच्या तलवारीला किंमतच नाही, त्यामुळे अक्षरशः वाचलं तर ती जोडीही गेली. आमच्या टेबलावर शॅडो ब्लेड चालू देतात, त्याने काही आभाळ कोसळलं नाही.

रामदासपेठची_ड्रुइड
हीलिंग स्पिरिटचं मी सांगते, माझा रोजचा स्पेल आहे. दादा, तुमचं झॅनाथर जुन्या छपाईचं असणार. त्यात स्पेल मिनिटभर टिकतो आणि त्या जागेतून जाईल त्याला दर वेळी १डी६ (सहा बाजूंचा एक फासा) हिट पॉइंट मिळतात, म्हणजे तेवढा जीव परत, किती वेळा याला मर्यादाच नाही. लढाई संपली की सगळे रांगेने त्यातून फिरायचे. दहा राउंड, माणशी सरासरी ३५ हिट पॉइंट, पाच जणांची पार्टी म्हणजे १७५. एका दुसऱ्या लेव्हलच्या स्लॉटमध्ये (स्पेल टाकायच्या ठरावीक कोट्यातला एक)! मग कंपनीने इराटा (छापलेल्या नियमाची दुरुस्ती) काढला: एक अधिक स्पेलकास्टिंग मॉडिफायर, इतक्याच वेळा. विज्डम १६ असेल तर मॉडिफायर ३, म्हणून चार वेळा, म्हणजे सगळ्यांचे मिळून सरासरी १४. मोबाइलवरचं हेच असणार.

इराटाच्या पीडीएफ फुकट मिळतात. उतरवून घ्या आणि पुस्तकात पेन्सिलने दुरुस्त्या करा. पुस्तक खराब होतं म्हणून ओरडणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

जुनाजाणता_डीएम
सगळे 'नवं ते बरोबर' म्हणून राहिले, मला ते सरसकट पटत नाही. टाशातला बराच माल ऐच्छिक आहे. रेंजरची नवी फीचर्स, वंशाचे अ‍ॅबिलिटी बोनस हवे तिथे हलवणं, यात डीएमची परवानगी लागते असं ते पुस्तकच म्हणतं. झॅनाथरमधली 'समोरचा कोणता स्पेल टाकतोय ते ओळखणं' हीसुद्धा तशीच मुभा आहे. छापलं आहे म्हणजे टेबलावर लागू झालं, असं नसतं.

आणि मोबाइलचा नाद कमी करा. तिथे अनअर्थ्ड अर्कानाही शेजारीच दिसतं. तो चाचणीचा मसुदा असतो, छापताना त्यातलं बरंच बदलतं किंवा गळतं.

मी कॅम्पेन (अनेक बैठकी चालणारा डाव) सुरू होण्याआधी एक कागद काढतो: कोणती पुस्तकं, त्यातलं ऐच्छिक काय चालेल, काय नाही. त्यावर सगळ्यांच्या सह्या. अ‍ॅडव्हेंचरर्स लीगमध्ये (कंपनीच्या अधिकृत खेळांत) पूर्वी हँडबुक अधिक एकच पुस्तक असा दंडक होता. खेळाडूंनी नावं ठेवली, पण डीएम सुखी होते.

फासेवाला_इतवारी
सह्या?! डाव आहे का रजिस्ट्री ऑफिस 😄

जुनाजाणता_डीएम
तू आमच्या पोट्ट्यांसोबत खेळून पाहा, मग बोल.

निळा_किमयागार
२०२४च्या हँडबुकाबद्दल. चांगलं आहे, पण चालू कॅम्पेनच्या मध्येच अर्धं आणू नका. जुने सबक्लास त्यात चालतात, फक्त पहिल्या-दुसऱ्या लेव्हलला मिळायचे ते आता तिसऱ्याला मिळतात. अ‍ॅबिलिटी बोनस वंशाऐवजी बॅकग्राउंडमधून येतात, म्हणून जुना वंश घेतला तर त्याचे बोनस सोडायचे. नाहीतर दोन्हीकडून घेतात.

एक्झॉशनचं (थकव्याच्या पायऱ्यांचं) उदाहरण बघा. २०१४मध्ये पहिल्या पायरीला फक्त अ‍ॅबिलिटी चेकवर डिसअ‍ॅडव्हांटेज (दोन फासे टाकून कमी आकडा घ्यायचा), वार करताना काही फरक पडत नाही. तो त्रास तिसऱ्या पायरीला. २०२४मध्ये पहिल्या पायरीपासूनच प्रत्येक डी२० टेस्टमधून (वीस बाजूंच्या फाशाच्या चाचणीतून) २ वजा आणि वेग पाच फुटांनी कमी. आता जुना बर्सर्कर (बार्बेरियन योद्ध्याचा सबक्लास) आणा, ज्याला फ्रेन्झी (बेभान लढणं) संपली की एक एक्झॉशन लागतं, आणि त्यावर नवा एक्झॉशनचा नियम लावा. बिचाऱ्याचा प्रत्येक वार दोनने घसरला. २०२४च्या बर्सर्करला ही शिक्षाच नाही. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी ठीक, सरमिसळ झाली की तो एकटा मार खातो.

रामदासपेठची_ड्रुइड
एक्झॉशनवरून आठवलं, २०१४च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये उन्हाचा नियम आहे. १०० फॅरनहाइट किंवा वर, प्यायला पाणी नाही, तर दर तासाला कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठीचा फासा). डीसी (गाठायचा आकडा) ५ पासून, पुढे तासागणिक एकने वाढत. मध्यम किंवा जड चिलखत असेल तर डिसअ‍ॅडव्हांटेज. १०० म्हणजे जेमतेम ३८ सेल्सिअस. मे महिन्यात बर्डीवर (सीताबर्डी बाजारात) खरेदीला जाणारी प्रत्येक बाई या हिशेबाने लेजंडरी आहे.

फासेवाला_इतवारी
पुस्तक घेण्याबद्दल: काहीच घेऊ नको. तीन सप्लिमेंट घरात असताना चौथं कशाला? नवीन खेळाडूला दाखवायला ५.१ची एसआरडी (मूळ नियमांचा मोफत संच) फुकट आहे, २०२३च्या जानेवारीत क्रिएटिव्ह कॉमन्सवर टाकली. प्रत्येक क्लासचा एकच सबक्लास आहे त्यात, पण सुरुवातीला तेवढं पुष्कळ झालं.

अगदी पैसे खर्चायचेच असतील तर डंजन मास्टर्स गाईड, तुझ्या यादीत ते दिसलं नाही. त्यात नवा स्पेल बनवताना किती डॅमेज ठेवायचं त्याचा तक्ता आहे. उद्या कोणी बाहेरच्या प्रकाशकाचा किंवा घरगुती स्पेल आणला की त्या तक्त्याशी ताडून पाहायचा. फायरबॉलशी नको. तक्त्यात तिसऱ्या लेव्हलला अनेकांवर पडणाऱ्या स्पेलचे ६डी६ आहेत आणि फायरबॉल ८डी६ देतो. बनवणाऱ्यांचा लाडका आहे तो. त्याच्या मापाने मोजलं तर सगळंच 'बॅलन्स्ड' वाटते.

गच्चीवरचा_डीएम
सगळ्यांचे आभार. माणूस ब्लेडसिंगर मंजूर, अख्खा टाशातून. हीलिंग स्पिरिट इराटाप्रमाणे (आमचा ड्रुइड आत्तापासूनच तोंड पाडून बसलाय). २०२४ पुढच्या कॅम्पेनला, त्यातलं फक्त पोशन बोनस अ‍ॅक्शनमध्ये (पाळीतली जादा छोटी कृती) प्यायचं तेवढं आत्ता घेतो, कारण तसं आम्ही आधीपासूनच खेळतो. कागदही काढतो, सह्या मात्र नाही.

जुनाजाणता_डीएम
पोशन स्वतः प्यायलं तर बोनस अ‍ॅक्शन, की बेशुद्ध मित्राला पाजलं तरी? २०२४मध्ये दोन्ही बोनस अ‍ॅक्शनच आहे, पण बऱ्याच टेबलांवर पाजायला पूर्ण अ‍ॅक्शन लागते. कागदावर तेही लिही, नाहीतर पुढच्या रविवारी हाच धागा परत वर येईल.

गच्चीवरचा_डीएम
पाजायला पूर्ण अ‍ॅक्शन. लिहिलं.