लाइट गेली की मशीन उठत नाही, त्यात आईची महापूजा पण गेली (टीव्हीहेडएंड, फ्री डिश)

गावभागकर, सांगली
मंडळी, टीव्हीखाली जुना डेस्कटॉप ठेवलाय. आत डीव्हीबी-एस२ कार्ड (उपग्रहाचे चॅनेल पकडणारं), गच्चीवर फ्री डिशची (दूरदर्शनची फुकट डीटीएच) छत्री, लिनक्सवर टीव्हीहेडएंड (रेकॉर्डिंग करणारा प्रोग्राम) आणि बघायला कोडी (प्लेअर). आई संध्याकाळी गणपतीला जाते, तिचं सह्याद्रीवरचं सगळं रेकॉर्ड करतो. मशीन एरवी पूर्ण बंद. आरटीसीवेकनं (घड्याळाच्या अलार्मवर मशीन उठवणारी आज्ञा) 10 मिनिटं आधी उठतं, काम झालं की परत झोपतं.

हल्ली दुपारी लाइट गेली की त्या दिवशी उठतच नाही. लाइट गेली नाही तर बिनचूक!

दुसरं दुखणं. आषाढीची पंढरपूरची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास लागते. रेकॉर्ड झाली, पण नंतर एफएफएमपेग (व्हिडिओचं रूप बदलणारा प्रोग्राम) चालवणाऱ्या माझ्या स्क्रिप्टनं एमपी४ केली ती उघडेना. मूळ टीएस फाइलही (रेकॉर्ड होते ती कच्ची फाइल) नाही. आई दोन दिवस बोलली नाही.

मिरजेचा वायरमन
लाइट येऊन गेल्यावर बायोसमध्ये तारीख काय दिसते?

गावभागकर
आत्ता मेन स्विच पाडून बघितलं. 1 जानेवारी 2009!

मिरजेचा वायरमन
मग मदरबोर्डवरचा सेल मेलाय, सीआर2032. मशीन बंद असलं तरी प्लगला करंट आहे तोवर घड्याळ एसएमपीएसच्या (पॉवर सप्लायच्या) स्टँडबायवर चालतं. लाइट गेली की भार सेलवर. तो रिकामा, म्हणजे तारीख गेली आणि उठायचा अलार्मही पुसला. घड्याळाच्या दुकानात मिळेल. आणि बायोसमध्ये लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायचं सेटिंग असतं, तेही लावा. सुरू झालं की पुढचा अलार्म स्क्रिप्टनंच लावायचा.

कोरेगावची सून
दादा, स्क्रिप्टमध्ये एफएफएमपेगच्या ओळीनंतर ; देऊन rm (फाइल पुसायची आज्ञा) लिहिलंय का? तसं असेल तर रूपांतर फसलं तरी मूळ फाइल उडते. तिथं && हवं, म्हणजे आधीचं जमलं तरच पुढचं चालतं. डिस्क भरली होती का तेही बघा. एमपी४ची सूची शेवटी लिहिली जाते, मध्येच तुटली तर फाइल उघडत नाही. टीएस अर्धी राहिली तरी तिथपर्यंत चालते. सेकंदाला 4 मेगाबिट धरले तर तासाला 1.8 जीबी, दोन आठवडे ठेवायला काय जातंय?

जाहिरातींसाठी कॉमस्किप (जाहिराती शोधणारा प्रोग्राम) लावलं तर फाइल कापू नका, ईडीएल (कुठला भाग वगळायचा त्याची यादी) करून शेजारी ठेवा. कोडी तेवढा भाग उडवतं. माझ्याकडं कॉमस्किपनं एकदा भारूडच जाहिरात समजून टाकलं होतं, पण मूळ फाइल होती म्हणून निभावलं.

गावभागकर
ताई, ; च होता. आणि डिस्कवर 300 एमबी शिल्लक, लाज वाटली. सेल बदलला. काल दुपारी तासभर लाइट नव्हती, तरी 5:50 ला मशीन उठलं. आईला सांगितलं तर म्हणाली, "कार्तिकीला मी स्वतःच उठते, तू झोप."